कारणाचा शोध आणि प्रयोगशाळेतील माणूस

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या या व्याख्यानमालेत अनेक विद्वान वक्त्यांनी धम्माचे निरनिराळे पैलू उलगडून दाखविले आहेत. आमच्या वाट्याला आलेला विषय थोडा वेगळा आहे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाविषयी आम्ही बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे, विज्ञान शाखेचे पदवीधरही नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरमागे बसणारी आम्ही माणसे. तेव्हा अधिकारवाणीने काही सांगण्याचा आमचा दावा नाही. जे वाचले, जाणत्यांकडून जे समजून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवीत आहोत.

हा विषय निवडण्यामागे कारण आहे. दरवर्षी आपल्याकडे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो. मुलांना विचारावे, पुढे काय होणार? उत्तरे ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनिअर, स्पर्धा परीक्षा. परंतु ‘मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करणार’ असे सांगणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. आजारातून बरा झालेला माणूस डॉक्टरांचे नाव घेतो, सिस्टरचे नाव घेतो, वॉर्डबॉयलाही चहापाणी देतो. ज्याने त्याचे रक्त तपासून आजार ओळखून दिला त्याचे नाव मात्र त्याला ठाऊक नसते. असा हा पडद्यामागचा माणूस. त्याचे काम धम्माच्या फार जवळचे आहे, आणि आपल्या समाजाशी त्याचे विशेष नाते आहे, असे आम्हाला वाटते.

धम्म आणि रोगाचे कारण

तथागतांना महान वैद्य म्हटले जाते ते उगीच नव्हे. चार आर्यसत्यांची मांडणी पाहावी. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःखाचा निरोध होऊ शकतो आणि त्याचा मार्ग आहे. वैद्यही याच क्रमाने जातो. रोग आहे, रोगाला कारण आहे, रोग बरा होऊ शकतो आणि त्यावर उपचार आहे. यातली दुसरी पायरी, म्हणजे कारण शोधण्याची, ही प्रयोगशाळेची जागा आहे. कारण चुकले की पुढचे सारे चुकले.

कारणाऐवजी कल्पना स्वीकारली की काय होते याचे उदाहरण शोधावयास आपल्याला पनवेलबाहेर फार दूर जावे लागत नाही. नेऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी काम करणारे शांतिवन आहे. कुष्ठरोग म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ असे शतकानुशतके मानले गेले आणि जिवंत माणसांना गावाबाहेर काढण्यात आले. १८७३ साली नॉर्वेमध्ये हॅन्सेन या डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली या रोगाचे जंतू पाहिले. पाप दिसले नाही, जंतू दिसला. जंतूवर पुढे औषध निघाले. आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. पापावर औषध निघाले नसते. कालामांना तथागतांनी जो उपदेश केला त्याचे सार हेच की परंपरेने चालत आले म्हणून किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. प्रयोगशाळेत हेच पारखणे रोजचे काम असते.

अमंगळ कोणी ठरविले?

आता आपल्या समाजाच्या नात्याविषयी. प्रयोगशाळेत तपासावयास येते काय? रक्त, लघवी, शौच, थुंकी, पू. ज्याला समाजाने अमंगळ म्हटले तेच सारे. मलमूत्र उपसण्याचे, मेलेली जनावरे ओढण्याचे काम या देशात जातीवर लादले गेले, आणि ते काम करणाऱ्यालाच अमंगळ ठरविले गेले. हाताने मैला उपसावयास लावणे हा गुन्हा आहे असे सांगणारा कायदा १९९३ साली झाला, तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. तरीही गटारात गुदमरून माणसे मरतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. त्याला अतिसार झाला होता. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागत आनंदासह तेथे आले. दोघांनी मिळून त्याला अंघोळ घातली आणि उचलून बिछान्यावर ठेवले. नंतर तथागतांनी भिक्खूंना एकत्र करून समजाविले की रुग्णाची सेवा हीच माझी सेवा. पंचवीस शतकांपूर्वी ज्यांनी मलमूत्राला हात लावताना जात पाहिली नाही त्यांचे आपण उपासक आहोत.

तीच वस्तू प्रयोगशाळेत येते तेव्हा तिचा अर्थ बदलतो. थुंकीच्या थेंबातून क्षयाचा जंतू दिसतो, लघवीतून मूत्रपिंडाचे दुखणे कळते, शौचातून कृमीची अंडी सापडतात. वस्तू तीच, फरक ज्ञानाचा आहे. ज्ञानाबरोबर हातमोजे येतात, पगार येतो, खुर्ची येते, मान येतो. आमच्या वाडवडिलांच्या हाती झाडू दिला गेला. नातवंडांच्या हाती सूक्ष्मदर्शक असावा, एवढी आमची इच्छा आहे. शिका हा बाबासाहेबांचा आदेश आम्ही या अर्थानेही घेतो.

प्लेगचे वर्ष आणि परळची प्रयोगशाळा

महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळेचा इतिहास सांगावयाचा तर १८९६ सालच्या प्लेगपासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी मुंबईत गाठीचा प्लेग आला. लोक शहर सोडून पळू लागले. तेव्हा वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईत आले. ओडेसा शहरात जन्मलेले हे ज्यू गृहस्थ. धर्म बदलल्याशिवाय त्यांना स्वतःच्या देशात प्राध्यापकाचे पद मिळणार नव्हते. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत काम करून प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली.

त्याच साथीत, बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीमाई फुले गेल्या. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता, मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचविताना त्यांना संसर्ग झाला, हे आपण जाणतोच. एकीकडे रुग्णाला पाठीवर घेणारी माउली, दुसरीकडे रोगाचे कारण शोधणारा शास्त्रज्ञ. रुग्णसेवेला दोघेही लागतात. त्या वर्षी परिणामकारक औषध आणि वेळेवर निदान सर्वांच्या आवाक्यात असते, तर सावित्रीमाईंसारखी किती माणसे वाचली असती, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

१८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा थाटली गेली. १९२५ साली तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले. परंतु नाव मिळण्यापूर्वी हाफकिन यांना मोठ्या अपमानातून जावे लागले, आणि तो प्रसंग विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावा असा आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचली गेली. पाच बाटल्या वापरल्या होत्या. त्यांतल्या एकाच बाटलीतून ज्यांना लस मिळाली त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते मरण पावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे कागदपत्रे तपासली गेली तेव्हा दिसून आले की गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू लावून धरली. १९०७ साली ते निर्दोष ठरले.

पाच बाटल्या, एक चिमटा, १९ माणसे. या क्षेत्रात लहानसहान असे काहीच नसते, हे या तीन आकड्यांवरून कळावे.

रक्ताची जात

परळमध्येच दुसरी एक गोष्ट घडली, जिचा प्रत्येक महाराष्ट्रीय माणसाला अभिमान वाटावा. तेथे १९२६ साली सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय सुरू झाले. तेथे शिकविणारे डॉक्टर भारतीयच असावेत अशी देणगीदारांची अट होती. त्या महाविद्यालयात १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला ठाऊक नसलेला एक रक्तगट शोधून काढला. आज जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत तो ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने नोंदला आहे. शहराचे नाव १९९५ साली मुंबई झाले, रक्तगटाचे नाव तेच राहिले.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ. रक्ताचे गट असतात हे कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखविले. आपल्या तांबड्या पेशींवर ‘ए’ नावाचे द्रव्य असेल तर गट ए, ‘बी’ असेल तर बी, दोन्ही असतील तर एबी आणि दोन्ही नसतील तर ओ. ही ए आणि बी द्रव्ये ज्या पायावर उभी असतात त्याला ‘एच’ म्हणतात. ओ गटाच्या माणसाकडे इमारत नसते पण एच हा पाया असतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे पायाच नसतो. भारतात साधारण दहा हजारांत एखादा माणूस असा निघतो. युरोपात तो दहा लाखांत एखादाच.

आता गंमत पाहा, आणि धोकाही. अशा माणसाच्या पेशी तपासल्या तर ए नाही, बी नाही, म्हणजे गट ओ असेच उत्तर येते. तेथेच थांबणाऱ्याने ‘ओ’ लिहिले, आणि ओ गटाचे रक्त दिले, तर रुग्णाच्या शरीरातली एच-विरोधी द्रव्ये त्या रक्तावर तुटून पडतात आणि रुग्ण दगावू शकतो. हे टाळायचे कसे? तपासणी उलट बाजूनेही करावयाची. नुसत्या पेशी तपासून न थांबता रुग्णाच्या रक्तद्रवात ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशी घालून पाहावयाचे. ओ पेशींच्याही गुठळ्या झाल्या की जाणकाराने सावध व्हावयाचे. रक्त देण्यापूर्वी दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळवूनही पाहावयाचे.

म्हणजे सगळा जीव त्या एका जादा नळीवर अवलंबून असतो. रात्रीचे दोन वाजलेले असतात, डोळ्यांवर झोप असते, समोर दहा नमुने पडलेले असतात. ती जादा नळी लावली नाही तरी ९,९९९ वेळा काही बिघडणार नाही. पाहावयास कोणी साहेब उभा नाही. तरीही जो ती लावतो, त्याच्या हातून शील पाळले जाते. शील म्हणजे फक्त वंदनेच्या वेळी म्हणावयाची गाथा नव्हे.

येथे बसलेल्यांना आणखी एक विचारतो. रक्ताचे गट चार, त्यात आरएच धन-ऋण, शिवाय असे दुर्मिळ गट. यांतला एखादा गट एका जातीत आहे आणि दुसऱ्या जातीत नाही, असे कोठे आहे का? सख्ख्या भावाचे रक्त भावाला चालत नाही आणि ज्याच्या घरचे पाणी चालत नव्हते त्याचे रक्त चालते, असे रक्तपेढीत रोज घडते. जातिभेदाचा फोलपणा सांगावयास आम्ही सभा घेतो. रक्तपेढीतला मुलगा तो एका काचपट्टीवर दाखवून देतो.

नळीचा प्रवास

पनवेलकरांना रक्ताची किंमत वेगळी सांगावयास नको. आपल्या गावावरून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो, शेजारच्या कळंबोलीहून द्रुतगती मार्ग निघतो, मुंबई-गोवा महामार्ग इथूनच सुरू होतो. अपघात झाला की जखमीला जवळच्या रुग्णालयात आणतात, मग ते आपले उपजिल्हा रुग्णालय असो की कामोठ्याचे एमजीएम. बाहेर नातेवाईक डॉक्टरांची वाट पाहत असतात, आणि डॉक्टर वाट पाहत असतात आतल्या खोलीतल्या अहवालाची.

त्या खोलीत काय चालते? काढलेले रक्त निरनिराळ्या रंगांच्या बुचांच्या नळ्यांत जाते. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, त्यातून पेशींची मोजणी होते. करड्या बुचाची नळी साखरेसाठी. तिच्यात फ्लोराइड असते, कारण नळीत आल्यावरही पेशी साखर खातच राहतात. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला सुमारे पाच ते सात टक्क्यांनी उतरते. चुकीच्या नळीत घेतलेले रक्त दुपारपर्यंत पडून राहिले तर मधुमेह असलेला माणूस कागदोपत्री निरोगी ठरू शकतो. बाबासाहेबांनी अखेरची वर्षे मधुमेहाशी झगडत लेखन केले हे आठवले म्हणजे या करड्या बुचाचे मोल कळते. रक्त जोरात ओढले, नळी जोरात हलविली तर पेशी फुटतात आणि त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच वाढतो. त्या आकड्यावर उपचार झाला तर निरोगी हृदयाला धोका.

नळीवर नाव, वय, क्रमांक लावावयाचा तो रुग्णाच्या खाटेजवळच. आधी चार जणांचे रक्त घेऊन नंतर नावे लावीत बसणे म्हणजे संकटाला आमंत्रण. आम्हा बँकेतल्या लोकांना हे लगेच पटते. एकाने नोंद करावयाची, दुसऱ्याने ती तपासावयाची, दोन सह्यांशिवाय रक्कम हलवावयाची नाही, आणि संध्याकाळी रोकड पैशापैशाने जुळल्याशिवाय घरी जावयाचे नाही. प्रयोगशाळेतही सकाळी रुग्णांचे नमुने लावण्याआधी यंत्रात ‘कंट्रोल’ नावाचा नमुना लावतात. त्याचे उत्तर आधीच ठाऊक असते. यंत्राने तेच उत्तर दिले तरच त्या दिवशी यंत्रावर विश्वास ठेवावयाचा. फरक इतकाच की बँकेतली चूक उलट नोंद करून दुरुस्त होते. रुग्णाच्या बाबतीत उलट नोंद करण्याची सोय नाही.

यंत्रे आली म्हणजे माणसाचे काम संपले, असेही नाही. पावसाळ्यात ताप आला की हिवतापासाठी काचपट्टीवर रक्ताचा जाड व पातळ थर घेऊन तो रंगवितात आणि डोळ्यांनी परजीवी शोधतात. साधा व्हायवॅक्स की मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपेरम, हे ओळखावयास तयार झालेली नजर लागते. डेंग्यूची कोणती चाचणी कोणत्या दिवशी करावयाची हेही ठरलेले असते. पहिल्या काही दिवसांत विषाणूचा अंश सापडतो, प्रतिद्रव्ये नंतर येतात. चाचणी योग्य पण दिवस अयोग्य, तरी उत्तर फसवे येते. २०२० साली कोरोना आला तेव्हा घशातल्या नमुन्याचा अहवाल हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी झाला. टाळ्या वाजल्या तेव्हा त्या कोणाकोणासाठी होत्या? घसे तपासणारी ती माणसेही आपल्यासारखीच घरी म्हातारे आईबाप ठेवून कामावर जात होती.

आणखी एक गुण लागतो, मुके राहण्याचा. कोणाला कोणता आजार आहे हे प्रयोगशाळेतल्या माणसाला त्या घराच्या आधी कळते. वस्तीतला ओळखीचा माणूस असतो, लग्नकार्यात समोर येतो. तरी ओठ शिवलेले हवेत. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने गुप्ततेचे बंधन घातले आहे. कायदा नसता तरी सम्यक वाचेने ते घातलेच आहे.

पत्रिका नको, अहवाल हवा

आता एका नाजूक विषयाला हात घालतो. नोकरीधंद्यानिमित्त विदर्भातून आलेली आपली अनेक कुटुंबे पनवेल, कामोठे, खारघर भागात स्थायिक झाली आहेत. सिकलसेल हा शब्द त्यांना नवा नाही. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत या दोषाचे प्रमाण जास्त आहे हे वारंवार दिसून आले आहे.

हा दोष म्हणजे काय? हिमोग्लोबिनच्या साखळीतली सहाव्या जागेवरची एक कडी बदलते. तेवढ्याने गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना होतात. आईबापांपैकी एकाकडूनच हा गुण आला तर माणूस नुसता वाहक असतो, त्याला बहुधा त्रास नसतो. दोघांकडून आला तर मूल रुग्ण होते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते.

यात लाजण्यासारखे काही नाही. ज्या प्रदेशांत फाल्सिपेरम हिवताप पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून होता तेथे वाहक माणसे त्यापासून काहीशी बचावली, म्हणून हा गुण टिकला. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठीही तो आहे. ही ना जातीची खूण, ना कोणाचे पाप. पुन्हा कारणच. आणि कारण कळले की उपाय सुचतो. विरघळण्याची साधी चाचणी शंका दाखविते, इलेक्ट्रोफोरेसिससारखी चाचणी खात्री करून देते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू केली आहे.

आमची विनंती अशी आहे. आपण लग्न जुळविताना पत्रिका पाहत नाही, याचा आपल्याला अभिमान आहे. मग त्या रिकाम्या झालेल्या जागी रक्ताचा अहवाल ठेवावा. तोही मुलगी पाहून झाल्यावर, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नव्हे. शाळा-कॉलेजच्या वयातच तपासून घ्यावा. वाहक निघालेल्या मुलीला किंवा मुलाला नाकारणे हा त्याचा हेतू नाही. वाहकाने वाहक नसलेल्याशी खुशाल संसार करावा, त्यांना रुग्ण मूल होत नाही. दोघेही वाहक असतील तर त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन डोळसपणे निर्णय घ्यावा. आपल्या वधू-वर मेळाव्याच्या अर्जात या तपासणीविषयी माहिती द्यावी. निकाल मात्र ज्याचा त्याच्याजवळ राहावा, अर्जात तो विचारू नये.

विद्यार्थ्यांसाठी चार शब्द

विद्यार्थी मित्रांनो, या क्षेत्रात जाण्यासाठी बारावीला विज्ञान, त्यात जीवशास्त्र घ्यावे लागते. पुढे पदविका आणि पदवी असे दोन्ही मार्ग आहेत. डी.एम.एल.टी. हे नाव आपण ऐकले असेल. अभ्यासक्रमांची नावे आणि मुदत काळानुसार बदलते, म्हणून प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाला विद्यापीठाची किंवा शासनाच्या मंडळाची मान्यता आहे का, हे स्वतः जाऊन, कागद पाहून ठरवावे. दोन खोल्यांत पाटी लावून भरमसाट फी घेणारे आणि शेवटी कोठेही न चालणारे प्रमाणपत्र देणारे वर्ग गावोगाव आहेत. त्यांचे गिऱ्हाईक बहुधा आपल्यासारख्याच घरांतली मुले असतात, कारण घरात विचारावयास जाणते कोणी नसते. येथे संस्थेने पुढे यावे, असे आम्हाला वाटते.

कायद्याची चौकटही माहीत असावी. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना स्वतंत्र व्यवसाय म्हणून स्थान मिळाले. दुसरीकडे, डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पॅथॉलॉजीच्या अहवालावर त्या विषयात पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. म्हणजे तंत्रज्ञ तपासणी करील, अहवालाची जबाबदारी डॉक्टरची. यात कमीपणा मानू नये. आपली मर्यादा ओळखून काम करणे हाही प्रामाणिकपणाच आहे. न तपासताच आकडे लिहून देणारे, किंवा कोऱ्या कागदावर सही विकणारे या व्यवसायात शिरतात तेव्हा गरीब रुग्ण नाडला जातो. तुमची गरज आहे ती अशांच्या जागी.

खोटी स्वप्नेही आम्ही दाखविणार नाही. सुरुवातीला पगार कमी असतो, बऱ्याच ठिकाणी कंत्राटी नेमणूक असते, रात्रपाळी चुकत नाही. सुई टोचली जाण्याचा धोका असतो, म्हणून कावीळ ‘ब’ ची लस घेतल्याशिवाय कामाला हात लावू नये. कंत्राटी कामगारांच्या हक्कासाठी लढावेही लागेल. संघटित व्हा आणि संघर्ष करा, हे बाबासाहेबांनी पांढरा कोट घालणाऱ्यांनाही सांगितले आहे.

संस्थेने काय करावे

शेवटी संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याची या अभ्यासक्रमाची फी संस्थेने भरावी, आणि त्यात मुलींना प्राधान्य द्यावे. दुसरी, १४ एप्रिलला मिरवणुकीबरोबर रक्तदान शिबिर घ्यावे. पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. आता रक्तपेढी स्वेच्छेने दान करणाऱ्यांवरच चालते, आणि दिलेली प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस व हिवताप यांसाठी तपासली जाते. तिसरी, आपल्या सभासदांपैकी जे प्रयोगशाळांत काम करतात त्यांचा गुणगौरव समारंभात सत्कार करावा. मुलांनी त्यांना व्यासपीठावर पाहिले तरच तसे व्हावेसे त्यांना वाटेल.

पुढल्या वेळी रुग्णालयात रक्त द्यावयास गेलात तर सुई टोचणाऱ्या त्या मुलाला किंवा मुलीला नाव विचारा. तुमचे नाव त्या नळीवर नीट लिहिले आहे ना, हेही पाहा. तो त्याचा अपमान नव्हे. प्रामाणिक माणसाला तपासणीचा राग येत नाही, हे आम्ही बँकेत वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.



नमो बुद्धाय, जय भीम!